बांध फुटला, पण माती टाकायची नाही

मुंबईतल्या गाववाल्यांनो, आज सकाळी आपला खाडीचा बांध फुटला. ढोल वाजला तसा घरटी एक माणूस मातीची टोपली घेऊन धावला, नेहमीसारखाच.

बांधावर ओव्हरसियर उभे. म्हणाले, "बांध आता सरकारी आहे. मोजणीआधी माती टाकलीत, तर दुरुस्तीचे पैसे मंजूर होणार नाहीत. माझ्याही हातात काही नाही."

मोजणी कधी? तर मोठे साहेब येतील तेव्हा.

भागीरथीकाकीचं शेत बांधाला लागूनच. तिने विचारलं, "मोजणी होयसर भरती थांबतली काय रे?"

मोजणीसाठी भरती थांबली नाही. आमच्या डोळ्यांदेखत भगदाड बैलगाडी जाईल एवढं झालं आणि खारं पाणी काकीच्या भातात शिरलं. आता दोन-तीन वर्षं तिथे काही पिकायचं नाही.

महाराष्ट्र झाला त्या साली सरकारने बांध ताब्यात घेतला, तेव्हा आपणच आनंदाने नारळ फोडला होता. आठवतंय?

भरलेल्या टोपल्या आम्ही तशाच परत आणल्या. माझी समोर अंगणात आहे, ओतून टाकायलाही हात उचलवत नाही.

खरं सांगा, तुम्ही इथे असतात तर टाकली असतीत माती?