झडपेची झोळी

मॉनिटरवरची रेघ लोंबत होती. मी छातीवर टेकवलेला प्रोब जरा तिरका करून पाहिला, तपासणीला आलेल्या मुलीला श्वास सोडून थांबायला सांगितलं. तरी लोंबतच होती.

मी नगरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारी टेक्निशियन आहे. तेव्हा आमचं काम होतं निरोगी लोकांच्या हृदयाच्या झडपा कशा हलतात ते नोंदवून ठेवायचं. आजार ओळखायचा तर आधी चांगली झडप कशी दिसते ते माहीत हवं. एम-मोडमध्ये झडपेची हालचाल रेघ होऊन उमटते. झडप उघडली की रेघ वरखाली होते, मिटली की जवळपास सरळ राहते. या मुलीची मिटल्यावरही झोळीसारखी मागे झुकत होती. म्हणजे झडप सैल असल्याची शंका.

मुलगी बावीस वर्षांची, श्रीगोंद्याकडची, पोलीस भरतीसाठी रोज पळणारी, निरोगी म्हणूनच बोलावलेली. वडील दाराशी उभे होते. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, हे मी घरी रोज ऐकते.

"म्याडम, काय वंगाळ हाय का? आठ दिसांनी हिचं भरतीचं ग्राउंड हाय. काळजात काय निघालं तर मी न्हाई पळू देनार हिला."

 मुलगी ओढणी मुठीत धरून पडून राहिली.  मी आमच्या डॉक्टर सरांना फोन केला. दिसतं ते लिहा, मी चारला येतो, म्हणाले. पेन उचललं, पण तिची नाडी एवढी जलद का, हे मनातून जाईना. ओठही सुकलेले. सकाळी काय खाल्लं, मी विचारलं.

"काल रातीपासनं पान्याचा थेंब न्हाई घेतला," वडील कौतुकाने म्हणाले. "मोठी तपासनी म्हंजी उपाशीपोटीच की. आन् सकाळचं पळनं बी चुकवलं न्हाई."

अंगातलं पाणी कमी झालं की हृदयाचा कप्पा आक्रसतो, झडप मात्र तेवढीच राहते. मग चांगली झडपही सैल दिसू शकते. तिला पाणी दिलं, लिंबू सरबत दिलं, कँटीनचे पोहे खायला लावले. पुढचे दोन तास माझं कशात लक्ष लागलं नाही. मग पुन्हा प्रोब लावला. रेघ सरळ.

चारला सरांनी दोन्ही नोंदी पाहिल्या, स्वतः प्रोब फिरवला आणि नॉर्मल लिहून सही केली. पळू द्या, पण पाणी पाजून, असं वडिलांना बजावलं. मुलगी तेव्हा कुठे हसली.

मी हुश्श करून बसले आणि लगेच उठले. मागच्या आठवड्यात पुणतांब्याच्या एका बाईंची अशीच झोळी दिसली होती. शंका लिहून त्यांना घरी पाठवलं होतं. काय खाऊन-पिऊन आलात, हे मी विचारलंच नव्हतं. मशीनला ते विचारता येत नाही, मला येतं.

त्यांचा नंबर काढून फोन लावला. "ताई, उद्या परत या," मी म्हणाले. "जेवून या."