फुटपाथवरचं महाळुंगे पडवळ

शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात, तसे माझ्या दुकानासमोरच्या फुटपाथचे किस्से साठलेत. झाडून काढावेत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच!

हसू येतं, पण भीतीही वाटते. माझ्या दादांना, म्हणजे वडिलांना, फार कमी दिसतं. रोज सकाळी काठी टेकत, शटरं चाचपत ते फुटपाथवरून तात्यांच्या हॉटेलात चहाला जातात. मागच्या महिन्यात एका स्कूटरनं त्यांना पाडलं. चौकातले हवालदार म्हणाले, "आता फुटपाथवर चाक दिसलं की पावती! कुनालाच सोडनार न्हाई."

मला तेव्हाच शंका आली.

* * *

पहिलाच स्कूटरवाला सापडला. पावतीपुस्तक उघडता उघडता हवालदारांनी विचारलं, "गाव कंचं?"

"महाळुंगे पडवळ."

पुस्तक मिटलं. "आमची सासरवाडी की! जावा पावणं, सावकाश जावा."

* * *

आठवड्याभरात फुटपाथवरची प्रत्येक स्कूटर महाळुंगे पडवळची झाली! राजुरीचा माणूसही तिथलाच, आहुप्याचाही तिथलाच. मग हवालदारांनाही संशय आला. "माझ्या सासऱ्याचं नाव सांगा," असं ते विचारू लागले.

दोन दिवसांत तेही सगळ्यांना पाठ! माझा संशय तात्यांवर. त्यांच्याकडे चहाबरोबर ते नाव फुकट मिळायचं.

"राव, गिऱ्हाईक गाडीसकट दारापतुर आलं पायजे," तात्या म्हणाले. मी दोन दिवस त्यांचा चहा सोडला.

* * *

तात्यांची कॉलेजातली भाची पुण्याहून आली आणि स्केटबोर्डवरून फुटपाथभर सुसाट सुटली. हवालदार आडवे आले.

"लायसन?"

"लागत नाही."

"नंबर प्लेट?"

"नसते."

हवालदारांनी ती चाकांची फळी उलटी करून इंजिन शोधलं. सापडलं नाही.

"गाव?"

"पुणे."

"मंग उतरा खाली!"

* * *

परवा दादा निम्म्या वाटेवर असताना मागून हॉर्न वाजला. दादा शटरला चिकटले. मी कात्री टाकून धावलो. स्कूटरवर एक बाई, तोंडभर हेल्मेट, आत स्कार्फ. हवालदारांनी मानही वर केली नाही.

"गाव कंचं?"

"महाळुंगे पडवळ." आतून दबका आवाज आला.

"माझ्या सासऱ्याचं नाव?"

"ते मी घेत न्हाई."

"साऱ्या तालुक्याला येतंय, तुमालाच न्हाई? लई झालं खोटं!" हवालदारांनी पेन उघडलं.

बाईंनी हेल्मेट काढलं. हवालदारांच्या सासूबाई!

पेन जागीच थांबलं. शटर धरून उभे असलेले दादाच म्हणाले, "हवालदार, पावती फाडली का न्हाई?"

सासूबाईंनी दादांच्या काठीकडे पाहिलं. मग स्कूटर ढकलत रस्त्यावर उतरवली.

"फाडा, जावईबापू. पूर्ण नाव मातर तुमीच लिवा. मी घेत न्हाई!"