कुरळ्या पिल्लासाठी वरवट बकालला

पुण्याहून निघताना आमच्या साहेबांनी मला एक वेताची टोपली, केस विंचरायचा मऊ ब्रश आणि इंग्रजी पुस्तकातून उतरवलेल्या सूचनांचा कागद दिला. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. खामगावचे एक जिनवाले (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे मालक) शेठजी साहेबांना विलायती पिल्लू भेट देणार होते. कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी होती, त्यामुळे पिल्लू आणण्याच्या कामी मी आनंदाने स्वतःला वाहून घेतलं.

जलंबला गाडी बदलून खामगावला पोचलो. जिनात पाऊल टाकताच हवेत रुई तरंगताना दिसली. पाच मिनिटांत माझा काळा कोट पांढरा झाला. शेठजींनी गादीवर बसवून आधी चहा पाजला, मग कुत्र्यांची वंशावळ सांगितली.

"आई पूडल, बाप लॅब्राडोर. खानदान पक्कं हाय."

समोर दोन पिल्लं खेळत होती. एकाचे केस आखूड, सरळ. त्यातले निम्मे गादीवरच झडले होते. दुसऱ्याचे केस लाटालाटांचे. साहेबांची मागणी मात्र कुरळ्याची होती, कारण तसं कुत्रं पुण्यात दुसऱ्या कुठल्या साहेबाकडे नव्हतं.

"कुरळ्याचे केस झडत नाई," शेठजी म्हणाले, "पन जे लागलं ते धरून ठेवते. जिनात फिरून त्याची गादी झाली होती. मंग वरवट बकालले शेतावर धाडलं त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.च्या मोटारीने निघालो. पूर्णा ओलांडल्यावर दोन्हीकडे काळी जमीन, फुटलेला कापूस आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. शेजारच्या म्हाताऱ्याने मी कशासाठी आलो ते विचारलं. मी सांगितलं. रिकाम्या टोपलीत डोकावून तो म्हणाला, "पुन्यात कुत्रे नाईत काय?"

शेतावर सारजाबाई नावाच्या धनगर बाईंच्या मेंढ्या खतासाठी बसवल्या होत्या. पिल्लू त्यांच्याच मागे हिंडत असे. गवताची कुसळं, काटे आणि कुटार (गुरांचा सुका चारा) अंगावर घेऊन ते माझ्याकडे आलं आणि बुटावर बसलं. सारजाबाई मेंढ्या घेऊन लांब गेल्या, तसा मी कागद उघडला. 'प्रथम साबणाने स्वच्छ स्नान घालावे. नंतर भरपूर दूध पाजावे.' दोन्ही आज्ञा मी विहिरीवर तंतोतंत पाळल्या.

उन्हात केस वाळू लागले तशा गाठी आवळत गेल्या. साहेबांचा ब्रश एका गाठीत अडकला तो निघेना. काखेतली कातडी ओढली जाऊन पिल्लाला पुढचे पाय टाकता येईनात. त्यातच दुधाने पोट बिघडलं. दुपारपर्यंत ते टोपलीत निपचित पडलं. आधी मला हेडक्लार्कची खुर्ची जाताना दिसली. मग पिल्लाने मान उचलून माझा हात चाटला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

मी बांधावरून धावत जाऊन सारजाबाईंना बोलावलं.

"आंघोळ काऊन घातली जी?" पिल्लाला मांडीवर घेत त्या म्हणाल्या. "आंधी गुता सोडवा लागते, मंग पानी. वल्ले केस आवळते."

"कागदात तसं लिहिलं नव्हतं."

"कागदाले केस असते काय?"

त्यांनी मेंढ्या कातरायची कातर काढली. एकेका गाठीखाली बोट घालून, ती कातडीपासून उचलून त्या कापत गेल्या. एकदाही पिल्लू ओरडलं नाही. घोंगडीच्या तुकड्यासारखी केसांची साल बाजूला पडली आणि आतून एक लहानसं, गुलाबी अंगाचं जनावर निघालं. त्याला फडक्यात गुंडाळून त्यांनी पातळ ताकातल्या कण्या (भरडलेली ज्वारी शिजवून केलेली पेज) बोटाने चाटवल्या. मलाही झुणका-भाकर दिली. दोन दिवस मी तिथेच राहिलो. तिसऱ्या दिवशी पिल्लाने माझं धोतर फाडलं, तेव्हा सारजाबाई म्हणाल्या, "आता न्या त्याले."

साहेबांनी बंगल्याच्या पायरीवरूनच टोपलीत पाहिलं.

"हे गावठी कुत्रं कुठून उचललंत?"

मी सगळी हकीकत सांगितली. कागद चुकला हे त्यांना पटलं नाही. कुत्रं चुकलं हे पटलं. पिल्लू माझ्या घरी आलं आणि हेडक्लार्कची जागा दुसऱ्याकडे गेली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पिल्लाशी मात्र बोलत होती.

चार महिन्यांत त्याचे केस असे कुरळे आले की रस्त्यातली माणसं थांबून पाहत. आम्ही रोज संध्याकाळी बोटांनी गुंता सोडवायचो, डोळ्यांवरचे केस बायको कात्रीने कापायची. एकदा कालव्याकाठी साहेब भेटले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "उद्या बंगल्यावर पोचतं करा."

"नाही जमणार, साहेब," मी म्हणालो. नऊ वर्षांच्या नोकरीतला माझा हा पहिला नकार. पिल्लाला घेऊन मी घराची वाट धरली.

वऱ्हाडात काय पाहिलंत, असं लोक विचारतात. देवळं, लेणी, सरोवर यांतलं मी काहीच पाहिलं नाही. एक बाई आजारी जनावराकडे कशी बघते, एवढं पाहून आलो.