एवढंच फक्त

बिल्डरसाहेबांनी माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. "हे झाड फक्त डावीकडे घ्या." बोट उचललं तर काचेवर तेलकट ठसा राहिला, नेमका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर.

अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करणं, हा माझा धंदा. नवे लोक फोनवर विचारतात, एका चित्राचा दर कशावर ठरतो? मी शहाण्यासारखं सांगतो: बारकावे किती, घाई किती, बदल किती. 'फक्त' किती, हे कुठे सांगता येतं! झाड हललं की सावली हलते, भिंतीवरचा उजेड बदलतो, खिडकीच्या काचेतलं आभाळ बदलतं, आणि सगळं चित्र पहिल्यापासून रेंडरला टाकावं, म्हणजे संगणकाकडून नव्याने काढून घ्यावं लागतं. त्यांच्या लेखी मात्र ते बोटभर काम. त्याचे कसले पैसे?

खरं तर दर यातल्या कशावरच ठरत नाही. समोरच्याला माझी गरज किती दिसते, त्यावर ठरतो. ती लपवायला मी इस्त्रीचा शर्ट घालतो, फोन लगेच उचलत नाही. तरी दिसतेच. नसलेल्या भिंतीवर नसलेलं ऊन मी अगदी खरं वाटेल असं पाडतो. स्वतःच्या चेहऱ्यावर तेवढं जमत नाही.

"दुसरा एक जण निम्म्यात करतोय," साहेब उठता उठता म्हणाले.

मी रुमालाने तो ठसा पुसत होतो. आज नाही म्हणायचं, असं सकाळीच ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मीही निम्म्यात करतो, साहेब. फक्त पुढचं काम मलाच द्या."