गाडीखालचा पुठ्ठा

गाडी गॅरेजमधून परत आली तेव्हा बिलावर दोन ओळी होत्या: इंजिन ऑइल बदलले, ऑइल फिल्टर बदलला. मी खाली वाकून पाहिलं. फिल्टरवर मार्करने लिहिलेली गेल्या वर्षीची तारीख होती, आणि अक्षर माझं होतं; फिल्टर नवरा बसवायचा, तारीख मी घालायची.

गॅरेजवाल्याला फोन केला.

"मॅडम, फिल्टर चांगलाच होता. पुसून लावला."

"मग बिलात कसा आला?"

"थे सवयीनं लिहिल्या जाते."

"आणि ऑइल? तेही सवयीनंच लिहिलं का?"

ऑइल शंभर टक्के बदललं, असं तो म्हणाला. मी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली होती. ऑइल काळं होतं. डिझेल इंजिनात नवं ऑइलही लवकर काळं पडतं, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. फिल्टरवरून होत होतं. एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर मी एकतीस वर्षं काढली. ज्याची एक गोष्ट खोटी निघाली त्याची दुसरी गोष्ट खातरजमा केल्याशिवाय छापायची नाही, असा तिथला नियम होता. चालत्या इंजिनाच्या आतली खातरजमा करता येत नाही. त्यामुळे गाडी त्या गॅरेजला पुन्हा गेली नाही.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर ती घेतली, बाकं काढली, आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रीज आणि संडास बसवला. मागे पत्र्याच्या पेटीत डिझेलचा जनरेटर. मेहकरात लोक तिला घरगाडी म्हणतात. नवरा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवायचा, त्यामुळे दोन्ही इंजिनांचं सगळं काम तोच करी. दर दसऱ्याला आम्ही तिने नागपूरला, दीक्षाभूमीवर जात होतो.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं. काठी धरून घरातल्या घरात चालतो. त्याला इन्सुलिन लागतं, ते थंड ठेवावं लागतं, आणि संडास चार पावलांवर असावा लागतो. बसच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत. घरगाडीला आम्ही एक लाकडी पायरी जास्तीची लावून घेतली आहे. म्हणजे घरगाडी असेल तर नागपूर, नसेल तर नाही. गाडी मी आधीपासून चालवत होते. तिच्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

फिल्टरची गोष्ट कळल्यावर दीर आले. ते तहसीलमध्ये कारकून आहेत, शेजारीच राहतात. आमच्या दोन घरांमधली मोकळी जागा सामाईक आहे आणि गाडी तिथे उभी असते.

"वहिनी, थे गाडी आता तुमच्यानं होत नाही. वडनेर भोलजीचं गिऱ्हाईक आहे. हायवेवर नाश्त्याची गाडी लावतो म्हणते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. गाडी त्याच्या नावावर आहे.

"नेऊ दे त्याले," तो म्हणाला. "उभी राहून सडण्यापरीस बरं."

"सडणार नाही. ऑइल मी बदलते."

दीर हसले. "तुम्ही? पेपरात बदलाल."

"दोन्ही इंजिनांचं बदलते. दसऱ्याच्या आत. खाली पुठ्ठा टाकते. पुठ्ठ्यावर थेंब पडला नाही तर गाडीचा विषय बंद."

"अन् पडला तर?"

"पडला तर बोलवा तुमच्या गिऱ्हाईकाला."

 नवऱ्याने खिडकीकडे तोंड केलं. त्या महिन्यांत त्याचं बहुतेक उत्तर तेच होतं.

त्याची एक वही होती. मुलांना शिकवताना केलेली, दोनशे पानी. तीत ऑइल बदलण्याची कृती क्रमवार लिहिलेली होती, गाडीची वेगळी, जनरेटरची वेगळी. ती वाचून मला अर्धीच कळली. म्हणून मी त्याची खुर्ची अंगणात नेली, वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि डेस्कवरची पद्धत सांगितली. आमच्या सुरुवातीच्या काळात प्रूफ दोघं मिळून तपासायचे. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट. दुसरा प्रुफावर बोट ठेवून पुढे सरकायचा. वाचणाऱ्याने पूर्णविराम म्हटलं आणि समोरच्याच्या बोटाखाली तो नसला तर दोघंही तिथेच थांबायचे.

"तुम्ही वाचा. मी केल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही."

"हे काय पोरखेळ," तो म्हणाला. पण वही त्याने उघडली.

आधी जनरेटर घेतला, कारण तो लहान आहे आणि कंबरेएवढ्या उंचीवर आहे. दहा मिनिटं चालवून गरम केला. गरम ऑइल पातळ होतं आणि गाळ घेऊन उतरतं, असं वहीत होतं. मग बंद केला.

"खालचा बोल्ट सोडणे. पूर्णविराम."

"फिरत नाही."

"कोणत्या बाजूनं फिरवून राह्यली?"

मी दाखवलं.

"आवळून राह्यली तू. माह्या वर्गातली पोरं बरी होती."

"तुमच्या पोरांना पगारी मास्तर होता. पुढे वाचा."

बोल्ट सुटला. ऑइल खाली ठेवलेल्या तसराळ्यात पडलं, पहिली धार माझ्या कोपरापर्यंत आली. ऑइल गाळणारी जाळी काढून डिझेलमध्ये धुतली. बोल्ट लावला. नवं ऑइल भरलं. "पट्टी फिरवू नये, नुसती टेकवावी. पूर्णविराम." मी फिरवणारच होते. फिरवली असती तर पातळी चुकीची दिसली असती आणि ऑइल कमी राहिलं असतं. जनरेटर सुरू केला, अर्धा तास चालवला, पुठ्ठा कोरडा राहिला. आतला फ्रीज गुरगुरायला लागला. नवऱ्याने वहीच्या समासात डाव्या हाताने एक बरोबरची खूण केली. ती वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाडीचं इंजिन घेतलं. चाकांना पुढून-मागून दगड लावले, पोत्यावर पाठ टेकून मी खाली शिरले. दीर चहाचा कप घेऊन ओसरीवर उभे होते.

"ऑइल चेंबरचा नट सोडणे. पूर्णविराम," वरून आवाज आला.

"सोडला. पूर्णविराम."

"वहिनी," दीर म्हणाले, "गाडीखाली अंक छापून राह्यल्या काय?"

"छापला की तुम्हालाच आणून देते, भाऊजी."

जुना फिल्टर हलेना. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून, दोन्ही हातांनी पिळून तो सुटला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावलं. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवला, मग पाऊण फेरा आणखी. नट लावला, त्याखाली तांब्याचं नवं वायसर घातलं. ऑइल भरलं. प्रत्येक ओळ त्याने वाचली, प्रत्येक ओळ मी परत म्हटली. एकही सुटली नाही. मी बाहेर आले, खाली नवा पुठ्ठा सरकवला, चावी फिरवली.

पंधरा सेकंदांत दीर म्हणाले, "बंद करा."

पुठ्ठ्याचा मधला भाग काळा झाला होता आणि काळेपणा कडांकडे चालला होता. इंजिन बंद केलं. थेंब नव्हता तो, धार होती.

दिरांनी आवाज चढवला नाही. खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला. "हाव, आजच या. गाडी उभीच आहे. चारपर्यंत? या." मग मला म्हणाले, "वहिनी, शब्द तुमचाच होता."

शब्द माझाच होता. तो मी नाकारला नाही. पण गिऱ्हाईक यायला पाच तास होते, आणि माझ्या हातून चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय मी गाडी कोणाला दाखवणार नव्हते.

"पुन्हा पहिल्यापासून वाचा," मी म्हटलं.

"काऊन? सगळं तर झालं."

"वाचा."

त्याने वाचलं. मी प्रत्येक जागेवर हात ठेवून पाहिलं. नट कोरडा. झाकण कोरडं. फिल्टरच्या वरच्या कडेला मात्र ऑइल होतं. फिल्टर आणखी आवळू का, म्हणून विचारलं.  त्यावर त्याने विचारलं, "जुना फिल्टर कुठं आहे?"

मी तसराळ्यातून काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो डाव्या हाताने उलटा केला आणि तोंडावरून अंगठा फिरवला. जिथे रबरी रिंग असायला हवी तिथे रिकामी खाच होती.

"रिंग वरच राह्यली," तो म्हणाला. "इंजिनाले चिकटून. तू तिच्यावर दुसरी बसवली. दोन रबरं एकावर एक राहत नसतात."

वर्षभराची रिंग, एकदा काढून पुसून पुन्हा आवळलेली, इंजिनाच्या तोंडाला भाजून बसली होती. फिल्टर निघाला आणि ती निघाली नाही.

"हे वहीत नाही," मी म्हटलं.

"नाही." त्याने वही पुन्हा पाहिली, जणू असेल. "लिवलंच नाही मी. फिल्टर काढला का मी बोट फिरवून पाहत होतो. दर वेळी. पोरांनाही हात धरून दाखवत होतो. लिवायची गोष्ट वाटलीच नाही."

डेस्कवर आम्ही ही चूक अनेकदा केली होती. प्रूफ मूळ मजकुराशी तंतोतंत जुळतं, दोघंही समाधानाने सही करतात, आणि सकाळी अंकात चूक असते, कारण ती मूळ मजकुरातच होती. आमची पद्धत हातात असलेल्या कागदाशी इमान राखते. कागदावर न आलेल्या गोष्टीबद्दल ती काही सांगत नाही. हे मला नव्याने कळायला नको होतं. कृती त्याची होती, पद्धत माझी होती. चूक दोघांची झाली.

मी पुन्हा खाली गेले. या वेळी त्याने वाचलं नाही. खुर्ची पुढे ओढायला लावली, काठी टेकून जमेल तेवढा वाकला आणि तोंडी सांगत राहिला. फिल्टर उतरवला. वर बोट घातलं तर एक मऊ रिंग लागली, ती नवी. तिच्या मागे आणखी एक होती, चपटी, कडक.

"नखानं काढ. पेचकस लावू नको, ओरखडा पडते."

नखाने निघाली, तीन तुकड्यांत. नखही गेलं. जागा फडक्याने पुसली, पुन्हा बोट फिरवलं, पूर्ण फेरा. गुळगुळीत होती. नव्या रिंगला इजा नव्हती, ती परत फिल्टरच्या खाचेत बसवली. जेवढं ऑइल वाया गेलं होतं तेवढं जनरेटरच्या डब्यातल्या उरलेल्यातून भरलं. तिसरा पुठ्ठा टाकला. चावी फिरवली.

इंजिन वीस मिनिटं चाललं. पुठ्ठा कोरडा होता. आतापर्यंत दीर ओसरीवरून अंगणात आले होते. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं.

वडनेर भोलजीचे गृहस्थ चारच्या आधीच आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून ओटा पाहिला, तो त्यांना आवडला. मी इंजिन चालू करून दाखवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं.

"ऑइल कोणाकून बदलवलं?"

"घरीच," नवरा म्हणाला.

"घरी कोणाकून?"

नवऱ्याने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. मी कोपरापर्यंत काळी होते. त्या गृहस्थांनी दिरांकडे पाहिलं.

दिरांनी कागदांची पिशवी आणली होती. आर.सी., विमा, विक्रीचा फॉर्म. फॉर्म त्यांनी नवऱ्यासमोर धरला. "दादा, पुठ्ठा भिजला होता. वहिनीचाच शब्द आहे."

"भिजला होता," मी म्हटलं. "तो फेकलेला नाही. तिथे टेकवून ठेवलाय."

नवऱ्याने फॉर्म घेतला. वाचला. मग म्हणाला, "पेन दे."

मीच दिला. दुसऱ्या कोणाजवळ पेन नव्हता.

त्याने फॉर्म मांडीवर ठेवला, त्यावर वही उघडून ठेवली, आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर कोरत, कृतीच्या दोन ओळींमध्ये लिहिलं: जुनी रिंग निघाली का, बोटाने पाहणे. खूप वेळ लागला. सगळे उभे होते. लिहून झाल्यावर त्याने शेवटी टिंब दिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "पूर्णविराम."

मग त्या गृहस्थांना म्हणाला, "गाडी विकाची नाही. चहा घेऊन जा."

"मंग मले बोलावलं कायले?" ते दिरांना म्हणाले.  गृहस्थांनी चहा घेतला. जाताना रिंग चिकटते ती कशी, हे नवऱ्याकडून नीट समजून घेतलं. त्यांच्याकडेही एक डिझेल गाडी होती.

दिरांनी मला अंगणात थांबवलं. "वहिनी, शब्द मोडला तुम्ही."

"मी गिऱ्हाईकाला बोलवा म्हटलं होतं. तुम्ही बोलावलं, ते आले. विकीन असं मी कधी म्हटलं नव्हतं."

त्यांनी थोडा विचार केला. "पेपरवाल्यांशी बोलणं म्हणजे," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. नागपूरला दोन रात्री मुक्काम केला. जनरेटर दिवसातून तीन वेळा लावला, तास वहीत लिहिले. इन्सुलिन थंड राहिलं. जिथे गाडी उभी केली तिथे इंजिनाखाली एक पुठ्ठा टाकला आणि जनरेटरखाली दुसरा. निघायच्या सकाळी दोन्ही उचलून पाहिले. एकावर धूळ होती आणि कोणाच्या तरी चपलेचा ठसा. ऑइल दोन्हींवर नव्हतं.

मेहकरला पोचल्यावर मी हे दोन पुठ्ठे आणि रविवारचा भिजलेला, असे तिन्ही पुठ्ठे दिरांच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवले. प्रत्येकावर मार्करने तारीख घातली. बाकी काही लिहिलं नाही.