‘सिस्टर, वाढवा!’

आयसीयूत राउंडला आले की डॉक्टरसाहेब आधी पेशंटकडे बघत नसत. उशाशी आज कोण नवीन उभं आहे, ते बघत. कालचीच मंडळी असली तर नाडी, ताप, लघवीचं माप सगळं रीतसर व्हायचं. पण एखादा नवा फेटा किंवा कडक इस्त्रीचा शर्ट दिसला, की ते चष्मा कपाळावर चढवत आणि मान न वळवता म्हणत, "सिस्टर, वाढवा."

वाढवायचं म्हणजे अँटिबायोटिक. चालू होतं त्याच्या वरचं, नाहीतर त्याच्या जोडीला आणखी एक. ज्याच्या रक्तात जंतू गेलेत त्याला, जंतू कोणता आणि तो कशानं मरतो हे पाहून औषध द्यावं, असं पुस्तकात लिहिलंय. डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात औषध एसटीच्या वेळापत्रकावर चालायचं. चाकूरच्या गाडीनं भाचा आला, एक वाढलं. मुरुडचे व्याही आले, दुसरं वाढलं. हदगावहून थोरला मामा उतरला तर थेट सगळ्यात वरचं, कारण मामा लांबून आलेला आणि "काय करून राहिले तुम्ही लोकं?" असं दारातूनच विचारणारा.

लातूरच्या ज्या गल्लीत दवाखाने आणि मेडिकलची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत, तिथंच माझी लॅब आहे. रक्तातला जंतू ओळखणं हे माझं काम. रक्त एका बाटलीत घालून उबेत ठेवायचं. जंतू असला तर तो वाढतो, मग कोणत्या औषधानं तो मरतो ते बघायचं. याला आम्ही कल्चर म्हणतो. अट एकच, रक्त औषधाचा पहिला डोस देण्याआधी काढलेलं हवं. डॉक्टरसाहेब रक्त पाठवत ते तिसरं औषध सुरू झाल्यावर. मग बाटलीत काय उगवणार, कपाळ? मी ‘जंतू आढळला नाही’ असा रिपोर्ट पाठवायची आणि त्यांचा आनंदानं फोन यायचा.

"बघा मॅडम, तुमच्या बाटलीतसुद्धा टिकला न्हाई तो. आपलं औषध लई पावरफुल हाय."

मी वाद घालायची. ते शांतपणे ऐकायचे आणि त्यांचं ठरलेलं उत्तर द्यायचे. "मॅडम, घरात साप निघाला तर त्याची जात विचारत बसता का? आधी काठी हाणता."

"म्हणून कुणी घर पेटवून देत नाही, सर," मी एकदा म्हटलं. ते खदखदून हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. माणूस असा, की भांडायला गेलं तरी चहा पिऊन परत यावं लागायचं.

लोकांचाही दोष होताच. तुम्ही कधी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसला असाल तर तिथल्या गप्पा ऐकल्या असतील. "आमच्या आबाला दोन औषधं चालू हायत," असं एकानं सांगायचं, की शेजारच्यानं सावकाश पान चघळत म्हणायचं, "आमच्या काकीला तर कालपासून तीन लावलेत." दोनवाल्याचं तोंड पडायचं. तीनवाल्याची काकी जास्त आजारी आहे, हे दोघांच्याही ध्यानात येत नसे. लग्नात कुणाचा आहेर मोठा, तसाच हा मामला होता.

एकदा चाकूरकडची एक अंगणवाडीतली बाई तापानं फणफणत आली. मेडिकलमधून औषध यायला उशीर झाला, म्हणून त्या दिवशी चुकून रक्त आधी निघालं. माझ्या बाटलीत टायफॉइडचा जंतू वाढला. अगदी शहाणासुरता, साध्या इंजेक्शनला मरणारा. तोपर्यंत पाहुण्यांच्या दोन खेपा होऊन गेल्या होत्या आणि वरच्या औषधांनी बाईची लघवी कमी व्हायला लागली होती. मी रिपोर्ट घेऊन स्वतः गेले. डॉक्टरसाहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"टायफॉइड? मॅडम, आयसीयूत टायफॉइड? मी बाहेर कोणत्या तोंडानं सांगू?"

"तिच्या किडन्या जातील सर."

मग त्यांना जे सुचलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. त्यांनी भारी औषधं बंद केली, साधं सुरू केलं आणि सिस्टरला सांगून त्या साध्या औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून उंच स्टँडला टांगली. बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणाले, "आता याच्यावर औषध न्हाई." एका अर्थानं खरंच होतं ते. पाहुण्यांनी काळ्या बाटलीला हात जोडले. बाई आठवड्याच्या आत आपल्या पायांनी घरी गेली. पुढं महिनाभर गल्लीतल्या दवाखान्यांत लोक काळ्या कागदातलं इंजेक्शन मागत होते आणि ते देणारे डॉक्टरही निघाले. आत काय घालत होते, ते विचारू नका.

मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. कसले होतात! दुसऱ्याच दिवशी मुरुडहून कुणाचे तरी साडू आले आणि कुणाचं तरी वाढलं.

गेल्या वर्षी ते स्वतः आजारी पडले. साखर होतीच, पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि थंडी वाजून ताप भरला. मला फोन आला. "मॅडम, माणूस पाठवू नका, स्वतः या. बाटल्या घेऊन या." मी घरी गेले तेव्हा ते शालीत कुडकुडत बसले होते आणि बाही आधीच वर केलेली होती.

"अजून कायबी घेतलं न्हाई मी. आधी रक्त काढा."

तुम्हाला खरं सांगते, माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! ज्या एका गोष्टीसाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ती त्यांना पहिल्यापासून पाठ होती. रक्त काढता काढता मी विचारलंच, "मग पेशंटच्या वेळी काय होतं सर तुम्हाला?"

"पेशंटच्या वेळी पाहुणे असतात हो मॅडम," ते म्हणाले. "इथं कोण हाय बघायला?"

ते त्यांचं चुकलं. संध्याकाळच्या आत मुलगी आली आणि त्यांना नांदेडला घेऊन गेली. तिथं जावयाचा मोठा दवाखाना. इकडं माझ्या बाटलीत जंतू वाढला तोही साधाच निघाला. ऑपरेशनआधी देतात ते जुनं सेफाझोलिन त्याला पुरेसं होतं, किंबहुना भारीतल्यांपेक्षा चांगलं होतं. मी जावयांना फोन केला. ते "हो हो मॅडम" म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं, आणखी एक वाढवलंय. मी नांदेड गाठलं.

दवाखान्याबाहेर गाड्यांची रांग होती. नात्यातले होतेच, पण निम्मे डॉक्टर होते. प्रत्येकाला डॉक्टरसाहेबांविषयी माया, आणि रिकाम्या हातानं माया कशी दाखवणार? जो येई तो एक औषध सुचवून जाई. जावई कुणाचंच मन मोडत नव्हते.

आत डॉक्टरसाहेब बाटल्यांच्या झाडाखाली पडले होते. मला बघून त्यांनी मान उचलली.

"काय आलं मॅडम?"

"साधा आहे सर. सेफाझोलिननं जाईल."

परीक्षा पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. जावयांना हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? हे समदं काढा. साधं टाका. कमी करा."

जावयांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघितलंत ना मॅडम? सकाळपासून हेच चाललंय. आमचे सासरे, आणि कमी करा म्हणतात! ताप डोक्यात गेलाय. बरळायलेत ते." आणि डोक्यातल्या तापासाठी म्हणून त्यांनी आणखी एक बाटली लावायला सांगितली.

मला हसू फुटलं. ज्यानं जन्मभर वाढवा म्हटलं तो एकदाच शहाण्यासारखं बोलला, तर त्याला भ्रम झाला! तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी माझं मनगट धरलं. "मॅडम, तुम्ही तरी सांगा की त्यांना. मी शुद्धीत हाय."

मी सांगितलं. रिपोर्ट पुढं धरला. लघवी उतरत चालल्याचंही दाखवलं. जावई म्हणाले, "तुमचं बरोबर आहे मॅडम. पण बाहेर कोण कोण बसलंय बघा. एवढ्या मोठ्या माणसाला मी ते इंजेक्शन लावू? उद्या काही झालं तर म्हणतील, सासऱ्याला साध्यावर ठेवलं." बाहेर डॉक्टरसाहेबांच्या थोरल्या भावांना गाठलं. त्यांनी मला हात जोडले. "खर्चाची काळजी करू नका मॅडम. भारीतलंच चालू द्या."

आधी किडन्या गेल्या, मग ते गेले. मला त्यांचा राग होता आणि अजून आहे. त्यांच्या त्या ‘वाढवा’पायी कितीजणांचं काय झालं असेल, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. तरी माती द्यायला गेले तेव्हा मला रडू आवरलं नाही. माझं मनगट धरलं तेव्हा त्यांच्या हाताला जोर होता, चांगला जोर होता.

थोरले भाऊ येईल त्याला सांगत होते, "जावयानं हात आखडला न्हाई. दुनियेत जेवढं होतं तेवढं सगळं लावलं." लोक माना डोलावत होते.

ते साधं इंजेक्शन जावयांच्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्येच होतं. रिपोर्ट घेऊन गेले त्या दिवशी जिना उतरल्यावर मी विचारलं होतं. दुकानदारानं मागच्या फळीवरून खोकं काढलं, धूळ झटकून मला दाखवलं, आणि "याला कुणी मागत न्हाई मॅडम," म्हणत परत ठेवून दिलं.