भवानीचं गिऱ्हाईक

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं मी. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. वाटलं आपण कोण बोलणारे, घर त्यांचं, पोरगी त्यांची. पण काल रंगनाथकाका फुलं द्यायला आले, मी विचारलं "भाग्यश्री कशी आहे", तर म्हणाले, "बरी असंल." असंल! स्वतःच्या मुलीबद्दल! म्हणून लिहितेय. नावं सगळी बदललीयेत.

छायामावशी, म्हणजे रंगनाथकाकांची बायको, पंचवटीत आमच्या गल्लीत फुलपुडी टाकायची. मखमलाबादकडे त्यांची थोडी जमीन आहे, शेवंती, झेंडू, एका कडेला गुलाब. पहाटे तोडायची, पेठ नाक्यावर टोपली मांडायची आणि आठच्या आत आमच्या दाराला पुडी. मी लहान असल्यापासून बघतेय. मला ती कधी नावाने हाक मारत नाही. "ए कॉलेज, उठली का नाय? देव आंघोळ करून बसलाय अन् तू अजून पारोशी!"

वाचता येत नाही तिला. पण तिचा एक नियम सगळ्या नाक्याला माहीत. भवानीच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, नाही म्हणायचं नाही. तो काहीही मागू दे. पहिला माणूस रिकाम्या हाताने गेला की दिवस गेला. "लक्ष्मी पयल्यांदा दार वाजवती, तिच्याकडं तोंड वाकडं करायचं नसतंय." भाग्यश्री, त्यांची मुलगी, हे ऐकतच मोठी झाली.

भाग्यश्री तेव्हा चौदा वर्षांची, नववीत. घरात मोठा फोन आल्यावर तिनेच वेण्यांचे फोटो स्टेटसला टाकायला सुरुवात केली. वेणी डोक्यात माळल्याशिवाय कशी दिसते ते कळत नाही, म्हणून स्वतःच्याच केसांत माळून, पाठमोरी. खाली नंबर. इन्स्टाचं पेज मी काढून दिलं, हेही लिहिते, लपवत नाही. लग्नाच्या ऑर्डरी यायला लागल्या. मावशी तर हवेतच होती. "माझी पोरगी म्यानेजर हाय, मी नुसती वझं उचलणारी!" सकाळी शाळेत जायच्या आधी भाग्यश्री सगळ्या मेसेजना उत्तरं द्यायची.

त्यातच तो माणूस आला. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या आधी त्याचाच मेसेज. बहिणीचं लग्न आहे, भरपूर वेण्या लागतील. ताई ताई करायचा. मग म्हणाला पाठमोरं काही कळत नाही, समोरून पाठव. तिने पाठवला. मग जवळून. मग साडी नेसून. तिला विचित्र वाटत होतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं. मी ओरडलेच तिच्यावर, "मग नाही का नाही म्हणालीस?"

"दीदी, भवानीचं गिऱ्हाईक होतं ना."



एके दिवशी त्यानेच तिला फोटो पाठवला. चेहरा तिचा आणि बाकी सगळं खोटं, बनवलेलं. खाली लिहिलेलं, आता मी सांगेन तसे पाठव, नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकतो. तिने पाठवले नाहीत. पण सांगितलंही नाही कुणाला, अकरा दिवस. मावशी एकदा दारात मला म्हणाली होती, "पोरगी जेवत नाय गं, जरा बोल तिच्याशी." मी हो हो म्हणाले. माझी सबमिशन होती. नाही गेले.

बाराव्या दिवशी तिने स्वतःहून आईसमोर फोन धरला. किती धीर लागला असेल! पण मावशीला वाचता येत नाही. खालची धमकी तिला दिसलीच नाही. तिला फक्त फोटो दिसला.

"कधी काढला हा?"

"मी नाही काढला आई, त्याने बनवलाय."

"फोटू काय लाडू हाय का बनवायला? तोंड तुझंच हाय ना?"

आणि मारलं तिला. आयुष्यात पहिल्यांदा.

दिवसभरात न विकलेली, कोमेजलेली फुलं मावशी घंटागाडीत कधीच टाकत नाही. देवाची फुलं म्हणून संध्याकाळी पिशवी भरून गंगेत, म्हणजे आमच्या इथल्या नदीत, सोडते. त्या संध्याकाळी त्याच पिशवीत तिने फोन घातला. सिमकार्डासकट. तिला वाटलं घाण होती, वाहून गेली. आठवड्याच्या आत भाग्यश्रीला चांदवडला मामाकडे पाठवून दिलं. निघताना स्टँडवर मला भेटली तेव्हा तिने हे सगळं सांगितलं, एका दमात, एसटी फलाटाला लागलेली असताना.

मी तशीच मावशीकडे गेले. माझ्या फोनमधला मावशीचा फोटो घेतला आणि एका ॲपमध्ये तिचा चेहरा विमानात बसलेल्या, पैठणी नेसलेल्या बाईला लावला. मिनिटसुद्धा लागलं नाही. तिच्यापुढे धरला.

"आगं बया, ही कोण? मी कवा इमानात बसले?"

"तोंड तुमचंच आहे ना?"

बोलून गेले मी. बोलायला नको होतं असं. ती त्या फोटोकडे बघतच राहिली. मग खाली बसली, हातातली शेवंती तशीच हातात. "मारलं गं मी तिला," एवढंच म्हणाली. दोनदा.

काकांना घेऊन मी पोलिसांत गेले. साहेब नीट बोलले, अर्ज घेतला, पण पहिली गोष्ट मागितली ती फोन. फोन गंगेत. डुप्लिकेट सिम काढलं, व्हॉट्सॲप पुन्हा चालू केलं, जुनं काहीही आलं नाही. बॅकअप कुणी ठेवलाच नव्हता. नंबर कुणाला पाठ नाही. तो माणूस कुठेतरी आहे, मजेत आहे, उद्या सकाळी दुसऱ्या कुणाला तरी ताई म्हणेल. असं झालं तर फोन फेकू नका हो! मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन करा, लहान मुलांसाठी १०९८ आहे. आणि पोरीला आधी जवळ घ्या, प्रश्न नंतर. हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग झाला?

चार महिने झाले. भाग्यश्रीचं दहावीचं वर्ष, आणि ती मामाच्या कांदाचाळीत कांदे निवडतेय. शाळेचं नाव काढलं की उठून जाते, असं मामा सांगतो. कुणाच्या फोनवर बोलत नाही, फोन हातातच घेत नाही. मावशी नाक्यावर बसत नाही, काकाच येतात. मी म्हणते मावशी चला ना, दोन तासांचा रस्ता आहे. ती म्हणते, "कोणत्या तोंडानं जाऊ? ती माझी वाट बघंल असं वाटतंय तुला?" मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तिकडे पोरीला वाटत असणार, आईला अजून तो फोटो खराच वाटतो, आणि इकडे आईला तोंड दाखवायची लाज. आईला कळलंय फोटो खोटा होता, असा मी मामाकडून निरोप पाठवला, तर भाग्यश्री म्हणाली, आईला सांग, मी बरी आहे. बास.

मी रविवारी चांदवडला जातेय, मावशी आली तर तिच्यासोबत, नाहीतर एकटी. ती शाळेत परत येईल असं मला वाटत नाहीये, उगाच खोटं कशाला सांगू. तरी जाणार. तुमच्याही नात्यात, शेजारात अशी एखादी मुलगी असेल, असंच काहीतरी झालं म्हणून आजोळी, मावशीकडे, कुठेतरी ठेवलेली, जिच्याबद्दल सगळे "बरी असेल" म्हणतात. तिला मेसेज नका करू. एसटी पकडा, तिच्यासमोर बसा आणि तुझं काही चुकलं नाही हे तोंडाने सांगा. पुढच्या महिन्यात नाही. या आठवड्यात जा.